हिरीने समुद्राकाठी खणलेला डवरा

हिरीच्या काठीवर अकरा खुणा आहेत. काठी सागाची, दोन हात लांब, कोयत्याने तासलेली. दोन खुणांमधलं अंतर हिरीच्या चार बोटांएवढं. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळच्या डोंगरावर ज्या पाड्यात ती राहायची, तिथली एकतीस घरं गेली एकोणीस वर्षं उन्हाळ्याचं पाणी या काठीला विचारून भरत आली.

पाड्याखाली वीस मिनिटांच्या उतारावर एक ओहोळ आहे. होळीनंतर तो आटतो. मग त्याच्या पात्रातली वाळू आणि मुरूम उपसून खड्डा करतात. त्याला डवरा म्हणतात. खड्डा करून बाजूला बसलं, की कडेतून आणि तळातून पाणी झिरपत येतं. हिरी त्यात काठी उभी धरायची. पाणी चौथ्या खुणेच्या वर असेल तर घरटी दोन हंडे, खाली असेल तर एक. दुसऱ्या खुणेखालचं पाणी कोणी काढायचं नाही, कारण तळ उघडा पडला की झरा बुजतो. आणि पाणी रोजच्या रोज कमी येऊ लागलं, की डवरा हातभर आणखी खोल करायचा. खोल गेलं की पाणी भेटतं. हे डोंगरात लहान पोरालाही ठाऊक असतं.

काठीचं काम हिरीला कोणी नेमून दिलेलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी डवऱ्यावर दोन घरांचं भांडण झालं, एकीच्या हंड्याला पोचा आला, दुसरीचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी हिरी काठी घेऊन गेली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. तेव्हापासून बसतच आली.

हिरी अठ्ठावन्न वर्षांची आहे. नवरा माघ्या नऊ वर्षांपूर्वी वारला. एकुलता मुलगा देवानंद बोर्डीला एका चिकूच्या वाडीत कामाला आहे. तीन वर्षं तो दिवाळीनंतर जायचा आणि पावसाच्या तोंडाला भात-नागलीच्या लावणीसाठी परत यायचा. यंदा वाडीच्या मालकाला बारा महिने राहणारी माणसं हवी होती. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. देवानंद, त्याची बायको रविना आणि दोन वर्षांची किमया तिथेच राहणार हे ठरलं होतं. हिरीचं ठरत नव्हतं.

फेब्रुवारीत तिची मान धरली. मोखाड्याच्या डॉक्टरांनी फोटो काढायला जव्हारला पाठवलं. फोटो बघून ते म्हणाले, डोक्यावर वजन घ्यायचं नाही. हिरीने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, दिवस नाही, आता कधीच नाही. तेव्हापासून तिच्या वाटणीचा हंडा शेजारची कमू वर आणायची. पाणी मोजणारी हिरी, पण स्वतःचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर. हे तिला टोचत होतं, आणि कमू ते टोचू देत होती.

देवानंदचा फोन पाड्यामागच्या कातळावर उभं राहिलं की लागतो.

“आय, तू हितं ये. कायमची ये.”

“आनि डवरा?”

“डवरा काय तुझ्या बापाचा हाय?”

“माझ्या नाय. तुझ्या बापाचा हाय. जागा त्यानं धरलेली.”

देवानंदने तो वाद सोडला. मग म्हणाला, “चार दिस येऊन बघ तरी. समुद्र बघ. मंग सांग.”

जायला हरकत नव्हती, पण उत्तराला मुदत होती. पावसाआधी भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी जमीन भाजून घ्यावी लागते. पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचायचे आणि पेटवायचे, त्याला राब भाजणं म्हणतात. आग सुटू नये म्हणून शेजारची पाच घरं एकाच दिवशी भाजतात. हिरीचा तुकडा पाचांच्या मधोमध आहे. ज्याचा राब भाजला नाही, त्याची त्या वर्षी शेती नाही.

“सोमवारी भाजायचाय,” कमूने बजावलं. “तुझा भाजायचा का नाय ते रविवारी सांग. मधला तुकडा सोडून आग पलत नाय.”

“सांगते.”

“तिकडं पान्यात पाय सोडून बसशील नि इसरशील.”

“काठी तुझ्याकडं देते. मोजून वाट.”

“वाटते. तू नसलीस तं डवरा रडत नाय.”

मंगळवारी पहाटे हिरी मोखाड्याच्या जीपमध्ये बसली. मोखाड्याहून जव्हार, जव्हारहून डहाणू, तिथून बोर्डी. दुपारी दीडच्या सुमाराला देवानंदने तिला वाडीच्या मागच्या फाटकातून बाहेर नेलं. सुरूच्या झाडांची एक रांग, तिच्यापुढे बांध, आणि बांधापुढे नजर पोचेल तिथवर ओला चिखल आणि वाळू. त्यावर बगळे फिरत होते. दोन माणसं सायकल हातात धरून चालली होती.

“समुद्र कुठं हाय?”

देवानंदने लांब एका करड्या रेघेकडे बोट केलं.

“आटला?”

“ओहोटी हाय. सांजचा येतो.”

“कोन आनतो?”

देवानंद हसला. हिरी हसली नाही. तिने प्रश्न खराच विचारला होता. तिच्या आयुष्यात पाणी आपण होऊन कधी आलं नव्हतं. एक तर ते आणावं लागायचं, नाही तर आभाळातून पडायचं, आणि पडलं की उताराने निघून जायचं. निघून गेलेलं पाणी परत आल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

ती बांधावर बसून राहिली. चारच्या पुढे करडी रेघ जाड झाली. पाचला तिच्यावर पांढरं काहीतरी हललं. मग पाणी चिखलाच्या पन्हळांतून वाकडंतिकडं आत शिरताना दिसलं, चालत्या माणसाच्या वेगाने. हिरी खाली उतरली. पाण्याच्या कडेला तिने सुरूची एक काडी रोवली. काडी बुडाली. तिने मागे सरून दुसरी रोवली, तीही बुडाली. सात काड्या बुडाल्यावर तिची पाठ बांधाला लागली. साडेसातला समुद्र बांधापाशी होता आणि जिथे सायकलवाले चालले होते तिथे मचवा तरंगत होता.

रविना तिला शोधत आली. “आये, चला. भाकरी थंड होते.”

“इतका पानी,” हिरी म्हणाली, “नि कोनी एक हंडा वाह्यला नाय.”

ती उठून जेवायला गेली. तिला भीती वाटली का, असं नंतर विचारलं तर ती म्हणते, भीती नाही. आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आणि घरधनी आत आला, तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या फाटकाशी हॉर्न वाजला. हिरी किमयाला मांडीवर घेऊन बसली होती. हॉर्न ऐकताच तिने मुलीला खाली ठेवलं, कोपऱ्यातला हंडा उचलला आणि दाराबाहेर धावली. डोंगरात तो हॉर्न ऐकून जो धावत नाही, त्याला पाणी मिळत नाही.

“आये, थांबा. पलायचा नाय,” रविना मागून आली. “पाइप लावतात. टाकीत भरतात.”

फाटकात पाण्याचा टँकर उभा होता. हिरीने टँकर पाहिला, मग सुरूंकडे पाहिलं, ज्यांच्या मागे समुद्र सकाळचा परत चढला होता.

“हितं पन टँकर?”

“विहिरीचा पानी मचूल, खारट झाला, गेल्या सालपासून. झाडांना कसा तरी चालतो. तोंडात धरवत नाय.”

वाडीत चार खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. मालक मुंबईत. सगळा कारभार ऋषिकेश बघायचा. ऋषिकेश जव्हारच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. हिरीने त्याच्या वडिलांच्या दुकानात बरीच वर्षं मोहाची फुलं आणि हिरडे घातले होते, त्यामुळे तो तिला मावशी म्हणायचा. टँकरवाल्याशी वाद घालून तो घामाघूम होऊन परत जात होता.

“मावशी, आलात? बरं केलंत. इथे बघा, समोर एवढा समुद्र आणि मी पाण्याची वाट बघतोय.”

हिरीने मान डोलावली. तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट चालू होती. ज्या गावाला टँकर येतो, त्या गावात डवरा खणायचा असतो.

तिने जागा शोधायला सकाळचा एक तास घेतला. सुरूंच्या रांगेमागे, वाडीच्या कुंपणाबाहेर, जमीन थोडी खोलगट होती. ऊन वर आलं तरी तिथली वाळू काळसर राहिली होती. लव्हाळ्याचं गवत मे महिन्यात हिरवं होतं. मुंग्यांनी वारुळं खोलगट भागात न करता त्याच्या काठावर केली होती. हिरीने देवानंदकडून फावडं आणवलं.

“आय, समुद्र तीस पावलांवर हाय. खारा पानी निघंल.”

“निघू दे. चाखून टाकू.”

देवानंदने गुडघाभर खणलं. वाळू डोंगरातल्यासारखी खरखरीत नव्हती, मऊ होती, कडा ढासळत होत्या. हिरीने त्यात तळ नसलेला जुना डबा बसवायला लावला आणि सवयीने मागे सरून, पाय जवळ घेऊन बसली. डोंगरात नव्या खड्ड्याचा तळ झाकायलाच तीन तास लागतात. इथे अर्ध्या तासात डब्यात वीतभर पाणी आलं, निवळलंही. तिने स्टीलची वाटी बुडवली, घोट तोंडात धरला आणि बराच वेळ गिळला नाही.

मग वाटी देवानंदपुढे केली. त्याने प्यायलं आणि समुद्राकडे पाहिलं.

“गोडा हाय.”

“हाय ना?” हिरी म्हणाली. तिने आणखी एक वाटी भरून घेतली, जणू पहिली चुकून गोड निघाली असावी. तीही गोडच होती. तीस पावलांवर लाटांचा आवाज येत होता. त्या आवाजाच्या इतक्या जवळ बसून गोड पाणी पिणं तिला बरोबर वाटेना. ती उठून उभी राहिली आणि उरलेली वाटी उभ्यानेच संपवली.

दुपारी तिने सुरूच्या फांदीची काठी केली, तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतराने खुणा केल्या आणि डब्यात उभी केली. मग समुद्राकडे आणि काठीकडे आळीपाळीने बघत राहिली. काल साडेसातला आलेला समुद्र आज सव्वाआठला पुरा भरला. देवानंदच्या हे तीन वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

“रोज पाउन तास मागं सरतो,” रविना म्हणाली. “चंद्रासारखा. हितल्या बाया सांगतात.”

समुद्र भरल्यावर तासाभराने डब्यातलं पाणी दोन बोटं वर आलं. कोणी ओतलं नव्हतं, पाऊस नव्हता. हिरीने चाखलं. अजून गोड. बॅटरीच्या उजेडात तिने काठीवरची ती खूण नखाने कोरून ठेवली.

गुरुवारी बातमी वाडीतल्या खोल्यांमध्ये पोचली. तलासरीकडच्या सात-आठ बायका तिथे कामाला होत्या. टँकर त्या दिवशी आलाच नाही. त्या हंडे घेऊन आल्या. हिरीने सुरूची काठी हातात धरली आणि नेहमीसारखी काठावर बसली.

“एक एक हंडा. घाई नाय. वरचा वरचा घ्या.”

“आजी, समुद्राला पन नंबर लावतीस का?” रामी नावाच्या बाईने विचारलं, आणि बाकीच्या हसल्या. पण नंबरात उभ्या राहिल्या.

सहा हंडे निघाले. सातव्याला पाणी दुसऱ्या खुणेखाली आलं. अजून दोन बायका उभ्या होत्या, त्यांतल्या एकीच्या कडेवर लेकरू होतं. अशा वेळी काय करायचं हे हिरीला विचार न करता माहीत होतं. एकोणीस वर्षं तिने तेच केलं होतं. तिने देवानंदला हाक मारली आणि डवरा हातभर खोल करवला. पाणी जोरात आलं. दोन्ही हंडे भरले. तिने समाधानाने डब्यावर फळी टाकली.

शुक्रवारी सकाळी पहिला हंडा रामीने भरला. तिथेच ओंजळभर प्यायली आणि थुंकली.

“अगं बाय. डोंगरची आली नि समुद्र आत घेतला.”

दुसरीने चाखलं, तिसरीने चाखलं. खारट. काल रात्रीपर्यंत गोड असलेलं पाणी खारट झालं होतं. बायका हंडे पालथे करून गेल्या. जाताना कोणी वाईट बोललं नाही. रामी तेवढी म्हणाली, “ऱ्हाऊ दे आजी, टँकर येल.” हिरीला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

ती खोलीत आली आणि पिशवी भरायला लागली.

“आय, रविवारी जायचाय ना?” देवानंदने विचारलं.

“आज जाते. राब भाजायचाय.”

“म्हंजी तुझा ठरला?”

“माझा हात हितं चालत नाय. जिथं हात चालत नाय तिथं बसून काय करू? पोरगी सांभालू? ती रविना सांभालते.”

देवानंदने विरोध केला नाही. आजची गाडी सुटून गेली आहे, उद्या सकाळची मिळेल, एवढंच सांगितलं. रविनाने सासूची भरलेली पिशवी खुंटीला लावली.

त्यामुळे शुक्रवारची दुपार हिरीला मोकळी मिळाली. ती खड्ड्यापाशी जाऊन बसली. बुजवून टाकायचा होता, उघडा खड्डा सोडून जायची पद्धत नाही. बुजवण्याआधी तिने शेवटचं एकदा चाखून बघितलं. सकाळपासून पाणी कोणी हलवलं नव्हतं. मानेला त्रास नको म्हणून ती वाकली नाही, वाटी नुसती पृष्ठभागाला टेकवली. जेमतेम दोन घोट आत आले.

गोड.

तिने वाटी उपडी करून तळाशी नेली, तिथे सरळ केली आणि वर काढली. खारट. पुन्हा वरून घेतलं. गोड. पुन्हा तळातून. खारट. असं तिने चार वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी वाटी पदराने पुसून कोरडी केली. हाताएवढ्या डब्यात दोन पाणी होती. एक खाली, एक वर. मध्ये भिंत नव्हती, कापड नव्हतं. दुधावर साय धरावी तसं गोड पाणी खाऱ्यावर पडून होतं. आणि हे या डब्यातच असेल असं नाही, हे तिला बसल्या जागी कळलं. तिच्या पायांखाली, सुरूंखाली, वाडीखाली, सगळीकडे असंच असणार. खाली समुद्र, वर पावसाचं पाणी, त्याच्यावर माणसं, चिकू, खोल्या. परवा रात्री दोन बोटं वर आलेलं पाणी समुद्राने खालून उचललं होतं आणि तरी ते त्यात मिसळलं नव्हतं.

हिरी सांगते की त्या वेळी तिने नकळत पाय जमिनीवरून उचलून घेतले. नंतर तिला स्वतःचं हसू आलं, कारण पाय उचलले तरी बूड जमिनीवरच होतं.

तिने खड्डा बुजवला. अठरा पावलं वाडीच्या बाजूला सरून देवानंदकडून नवा खणवला. या वेळी तिने फावड्याच्या दांड्यावर बोट ठेवून सांगितलं, “एवढाच. ह्याच्या खाली एक बोट नाय.” पाणी हळू आलं. गोड आलं. शनिवारी बायकांनी आठ हंडे नेले, दोन-दोन तासांच्या अंतराने. पाणी खुणेखाली गेलं की हिरी फळी टाकायची आणि म्हणायची, भरतीनंतर या. कोणी कुरकुरलं तर रामीच सांगायची, “आजीचा टाइमटेबल हाय. समुद्राचा पन तोच हाय.”

शनिवारी सकाळची गाडी हिरीने सोडली होती, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

दुपारी ऋषिकेश खड्डा बघायला आला. हिरीने त्याला वाटीने वरचं पाणी पाजलं आणि बुजवलेल्या खड्ड्याची गोष्ट सांगितली. तो ऐकता ऐकता खाली बसला.

“मावशी, विहीर मीच खोल केली,” तो म्हणाला. “गेल्या मेमध्ये पाणी कमी झालं. जव्हारला आमच्या घरामागच्या विहिरीचं बाबा दर दोन वर्षांनी हेच करायचे. मी मशीन आणून सहा फूट खाली घेतली. पाणी भरपूर लागलं. पेढे वाटले मी.”

“मी हातभर चुकले,” हिरी म्हणाली. “तू सा फूट.”

“शेजारच्या वाडीतले म्हातारे म्हणाले होते, खाली जाऊ नका. मला वाटलं, त्यांचं पाणी पळेल म्हणून सांगतायत.”

“आपुन डोंगरची मानसं. आपल्याला कोन सांगतो खनू नको?”

ऋषिकेशने विचारलं, आता काय करायचं. हिरीला विहिरींचं काही माहीत नव्हतं आणि तिने तसं सांगितलं. आपण खड्डा बुजवला, एवढंच ती म्हणाली. ऋषिकेश विहिरीकडे गेला आणि बराच वेळ काठावर उभा राहून आत बघत राहिला.

रविवारी संध्याकाळी हिरी पाड्यावर पोचली तेव्हा आधी घरी न जाता ओहोळाकडे उतरली. डवरा एक हात खोल झालेला दिसला. कडा नीट बांधल्या होत्या. शेवटच्या चार बायका हंडे घेऊन निघाल्या होत्या, भांडण कुठेच दिसत नव्हतं. कमू काठावर बसली होती. तिच्या हातात वेगळीच काठी होती, नव्याने तासलेली, नऊ खुणांची.

“माझी कुठं हाय?”

“तुझ्या वलचनीला खोचलीय. तुझी बोटं बारीक. मला हिशोब जुलंना. मंग माझ्या बोटांची केली.”

“पानी पुरला?”

“पुरला. रोज एक हंडा. बुधवारी दोन.” कमूने काठी वाळूत आपटून पाणी झटकलं. “रडला नाय डवरा.”

हिरीने काठी मागून घेतली आणि पाण्यात धरून बघितली. कमूच्या नऊ खुणा आणि तिच्या अकरा खुणा जवळपास एकाच ठिकाणी संपत होत्या. तिने काठी परत केली. पाच दिवस तिच्या मनात जे सगळ्यांत जड होतं, ते कमूने पाच दिवसांत कोयत्याने तासून टाकलं होतं. हिरी म्हणते की वाईट वाटलं, आणि मान हलकी झाली, दोन्ही एकाच वेळी.

चढ चढताना कमूने हिरीच्या वाटणीचा हंडा डोक्यावर घेतला.

“मंग? समुद्र कसा हाय?”

“रोज जातो. रोज येतो. पाउन तास उशिरा.”

“एसटीसारखा.”

“एसटी परत येल याची खात्री नाय.”

कमू हसली, हंडा हिंदकळला. थोडं वर गेल्यावर हिरीने तिला दोन पाण्यांची गोष्ट सांगितली. कमू चालता चालता थांबली. डोक्यावर पंधरा लिटर पाणी घेऊन माणूस चढावर थांबत नाही, पण ती थांबली.

“मिसलत नाय?”

“नाय. वाटी आडवी टेकवायची, बस. खाली नेली की गेला.”

“आनि जास्त लागला तं?”

“तं थांबायचा.”

कमूने यावर थोडा विचार केला. “आपल्याला नाय जमायचा,” ती म्हणाली आणि चालू लागली.

घराच्या वळचणीला काठी खोचलेली होती. हिरीने ती काढली नाही. अंगणात उभं राहून तिने कमूला सांगितलं, “उद्या माझा राब भाज.”

“म्हंजी ऱ्हातीस?”

“भाजायचा मी. पेरायचा तू. अर्धा दाना तुझा, अर्धा दिवाळीला देवानंद नेईल.”

कमूने हंडा उतरवला. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. तरी ती म्हणाली, “तिथं काय करशील म्हातारे? खनायला येतो तुला, दुसरा काय येतो?”

“तिथं नाय खनायचा,” हिरी म्हणाली. “थांबायचा शिकायचाय. ते मला अजून धड येत नाय. दोन खड्डे झाले, एक बिघडला.”

सोमवारी सकाळी सातला पाचही राब पेटले. वारा पश्चिमेचा होता. हिरी आपल्या तुकड्याच्या कडेला ओल्या फांद्यांचा झाडू घेऊन उभी राहिली आणि आग शेजारच्या गवतात जाऊ दिली नाही. नऊपर्यंत सगळं काळं झालं. मृगात पहिली पेर झाल्यावर ती दोन गोण्या, एक उखळ आणि नागलीचं बियाणं घेऊन खाली बोर्डीला उतरली. घरात आता कमूच्या शेळ्या असतात.

ऋषिकेशने पावसाआधी विहिरीचा तळ खडी आणि वाळूने चार फूट वर घेतला आणि लहान मोटर बसवली. ती सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास चालते. दिवाळीनंतर विहिरीचं पाणी स्वयंपाकाला चालू लागलं. पिण्यासारखं अजून नाही. मार्चमध्ये काय होतं ते बघू, असं तो म्हणतो.

सुरूंमागचा डवरा आहे. टँकर चुकला की बायका तिथे येतात आणि भरतीची वेळ आधी हिरीला विचारतात. भरती कधी, हे ती आदल्या दिवशीच्या वेळेत पाऊण तास मिळवून सांगते, आणि सांगून झालं तरी बांधावर जाऊन बघते. ती म्हणते, येणार हे माहीत असतं, पण येताना बघावंसं वाटतं. डब्यात सुरूची काठी उभी आहे. तिच्यावर वरून खाली चारच खुणा आहेत. चौथीच्या खाली हिरीने साल सोललेली नाही, तिथलं पाणी काढायचं नाही.